बापाचा होकार

रविवारी सकाळी कॅमेरावाल्यानं घरात पाय ठेवल्या ठेवल्या कुलर बंद करायला सांगितला आणि माया तिथूनच बिनसली. एप्रिल संपत आलेला, नागपूरच्या नंदनवन भागातलं वरच्या मजल्याचं घर, डोक्यावर तापलेली स्लॅब, आणि याच्या रेकॉर्डिंगमध्ये म्हणे घरघर येते. तिनं खटकन बटण दाबलं, पदरानं मान पुसली आणि कोणाकडे न बघता स्वयंपाकघरात निघून आली.

अश्लेषा ओट्यापाशी कांदा चिरत होती. घरी आल्यापासून पोरगी हेच करत होती. कांदा, बटाटा, भेंडी, समोर येईल ते चिरायचं आणि कोणाशी बोलायचं नाही. 'एकाच छताखाली' नावाच्या त्या कार्यक्रमातून, लोणावळ्याच्या त्या कॅमेऱ्यांनी भरलेल्या बंगल्यातून, ती मागच्या आठवड्यात स्वतःहून बाहेर पडली होती. लोकांनी मतं देऊन काढलं नव्हतं की कोणी हाकललं नव्हतं. फिनाले तोंडावर आलेली असताना बॅग भरून निघाली, आणि तेव्हापासून गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, काहून आली म्हणे?

"पाहुणे पारडीपर्यंत आले, पोचतीलच आता," माया म्हणाली. "तुझे बाबा म्हणतात, दोन्ही घरचे सोबत बसलेले दाखवतील फक्त. चहा पिताना वगैरे. बोलायचं काही नाही म्हणे."

"आई, त्या दिवशीही बाबांनी फक्त एका प्रश्नाचं उत्तर देलं होतं."

पोरीचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मायाला नवऱ्याचा राग येत होता.

त्या उत्तराचं सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. कार्यक्रमात अश्लेषा नागपूरची आणि मोहित भोयर मौद्याजवळच्या गावचा, म्हणून चॅनेलनं पहिल्याच भागात दोघांना 'नागपूरची जोडी' करून टाकलं. मोहित बोलका, हसरा, सगळ्यांना हवाहवासा. गप्पा मारता मारता त्याचा हात अश्लेषाच्या खांद्यावर यायचा, मग कमरेवर. ती काढायची, तो परत ठेवायचा. ती नको म्हणायची, तो हसायचा. एका खेळात त्यानं तिला उचललं आणि खेळ संपल्यावरही खाली ठेवलं नाही. टीव्हीवर या सगळ्याला मागून गाणं होतं आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मग एक बातमीदार मुलगी नंदनवनात आली आणि तिनं अश्लेषाच्या बाबांच्या, संघपालच्या, तोंडासमोर माईक धरला. पोरगा दुसऱ्या जातीचा आहे, तुम्हाला चालेल?

आता संघपाल गजभियेला हे विचारायचं म्हणजे काय सांगावं! या माणसाच्या बापानं सोळाव्या वर्षी नागपुरातच दीक्षा घेतलेली, आणि हा स्वतः दरवर्षी जयंतीला कॉलनीच्या स्टेजवरून आंतरजातीय लग्नावर बोलणारा. मौद्याच्या पॉवर प्लांटात नोकरी, पण खरा जीव भाषणात. या प्रश्नाची तो जणू जन्मभर वाट पाहत बसला होता. "आमच्या घरात जात विचारत नाहीत," तो छाती भरून म्हणाला. "पोरगा माझ्या पोरीले पसंत आहे, म्हणून मलेही पसंत आहे. बाप म्हणून माझा आनंदानं होकार आहे."

पोरीला पसंत आहे हे त्याला सांगितलं कोणी? टीव्हीनं. पोरगी बंगल्यात, फोन बंद, आणि इकडे बापाचा होकार घरोघरच्या मोबाइलवर फिरून राहिला. जयंतीला त्याचा शाल देऊन सत्कारही झाला. चॅनेलनं तेच भाषण बंगल्यातल्या मोठ्या पडद्यावर लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांतच मोहितनं अश्लेषाला ओढून गालावर ओठ टेकवले. तिनं ढकललं तर म्हणतो, "अवं, आता तर तुझ्या बाबानंच हो म्हणलं." त्याच दिवशी ती निघाली.

हे सारं तिनं घरी आल्यावर आईला सांगितलं होतं. बापालाही सांगितलं. बाप ऐकून म्हणाला, "समजावून सांगू आपण त्याले." आणि मग काय केलं, तर पाहुण्यांना घरी बोलावलं.

*

मोहितचे आईबाप, महादेवराव आणि वंदनाबाई, आले तेव्हा संघपाल जिन्यापर्यंत घ्यायला गेला. महादेवराव धान पिकवणारा, उंचपुरा, कमी बोलणारा माणूस. सोफ्यावर टेकल्या टेकल्या त्यांनी समोरचा गडवा उचलला आणि घटाघट पाणी प्यायले. पोह्यांची प्लेट आली, तर्री मागून घेतली आणि बोटं चाटून खाल्ली.

संघपाल बघत होता. वर्षानुवर्षं त्याचा बाप मौद्याच्याच पट्ट्यातल्या गावांत कामाला जायचा, आणि तिथे त्याला ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. त्याच पट्ट्यातला शेतकरी आज त्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या हातचं खाऊन, सोयरिकीच्या गोष्टी करून राहिला होता. संघपालनं स्वतः उठून पाहुण्यांच्या प्लेटमध्ये आणखी पोहे वाढले. पोरीनं सांगितलेलं तो विसरला नव्हता, पण या क्षणी ते त्याला नकोसं वाटत होतं, हेही तितकंच खरं.

"काय गा संघपाल, आता तर खुश?" यमुताई त्याच्या कानाशी म्हणाली. ही त्याची मोठी बहीण. शहरातच सदर भागात एकटी राहायची, दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर. भाचीच्या सोयरिकीचं ऐकलं तेव्हापासून तिच्या अंगात वारं शिरलं होतं, आणि आज ती ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर झाली होती.

चॅनेलची काजल मुंबईहून आलेली, हातात टॅब, घामानं निथळत होती. "हे बघा काका," ती म्हणाली, "अगदी साधं आहे. दोन्ही कुटुंबं एकत्र, हसत-खेळत. मग अश्लेषा फिनालेला परत येईल, स्टेजवर मोहितसोबत एक डान्स करेल. मोहित अजून आतच आहे, त्याच्यासाठी सरप्राइज. लोकांना फार आवडेल."

"डान्सच तर आहे," यमुताई म्हणाली.

अश्लेषा चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे टेबलावर ठेवला, आणि सोफ्यावर तिच्यासाठी राखलेली जागा सोडून दाराशीच उभी राहिली.

"बाबा, मले एक बोलायचं आहे. तुम्ही माझ्या वतीनं होकार देला होता. तो वापस घ्या. याच कॅमेऱ्यासमोर, तेव्हासारखाच."

कॅमेरावाल्यानं काजलकडे पाहिलं. काजलनं हातानं थांब अशी खूण केली.

"बस नं आधी," संघपाल म्हणाला. "पाहुण्यांसमोर असं बोलत नसतात."

"पाहुण्यांसमोरच बोलायचं आहे."

महादेवरावांनी कप खाली ठेवला. "म्हणजे काय? तुम्ही नाही म्हणून राहिले का आम्हाले?"

"भाऊ, तसं नाही."

"तसंच आहे." माणूस कमी बोलणारा, पण आता त्याचा आवाज चढला. "गावात भावकीनं मले काय काय ऐकवलं, तुम्हाले माहीत नाही. चुलतभाऊ दारात यायचा बंद झाला. मी म्हणलं, बंद तर बंद, पोराची पसंती आहे. सगळ्यांशी भांडून मी तुमची पायरी चढलो. अन् आता तुम्ही मले कॅमेऱ्यासमोर नाही म्हणणार?"

संघपालनं पोरीला बाजूला घेतलं आणि तो आवाज दाबून बोलू लागला. "पाह्य, ऐक माझं. मी आता माघार घेतली नं, तर लोक काय म्हणतील? हेच स्टेजवरून बोलत होते, वेळ आली तर पलटले. त्या माणसानं एवढं केलं, अन् त्याच्या तोंडावर मी दार लावू? जयंतीच्या स्टेजवर मी परत कोणत्या तोंडानं उभा राहू?"

"अन् मी कोणत्या तोंडानं उभी राहू त्या स्टेजवर, त्याच्या शेजारी?"

बापानं मान फिरवली. अश्लेषा आतल्या खोलीत निघून गेली. माया तिच्यामागे निघालीच होती, पण यमुताईनं तिला हातानं थांबवलं.

"मी पाहतो. तू थांब," ती म्हणाली.

*

यमुताई खोलीत गेली ती रागातच. "तुले काही समजते का वं? असं घर चालून आलं. पोरगा शिकलेला, सासू गरीब गाय, सासरा आपल्या घरी जेवून राहिला. आम्हाले हे सपनातही नव्हतं."

अश्लेषा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. आत्याचं तिला माहीत होतं. घरात उघड कोणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. तरुणपणी आत्यावर एका कुणब्याच्या पोराचा जीव होता, तिचा त्याच्यावर. दोन्हीकडून नाही झालं आणि आत्यानं पुढे लग्नच केलं नाही.

"आत्या, तुमचं दोघायचं झालं असतं तर मले लय आवडलं असतं," ती म्हणाली. "खरंच सांगतो. पण तुझं नाही झालं म्हणून माझं व्हायला पाहिजे का?"

"तसं नाही म्हणत मी." यमुताई पलंगाच्या कडेला बसली. "तो आवडत नाही का तुले?"

"आवडत होता नं सुरुवातीले. दोस्त म्हणून. भाजीत मीठ माझ्या हातून जास्त पडलं तर म्हणायचा, मी टाकलं. मले हसू यायचं त्याचं. म्हणून तर नीट सांगितलं त्याले, हात लावत नको जाऊ, मले आवडत नाही. तर तो हसला." ती गुडघ्यांभोवती हात घट्ट करून बसली. "मग परत लावला. परत सांगितलं, परत हसला. बाकीचेही हसायचे. आता मले त्याच्या हसण्याचीच भीती वाटते, आत्या. रात्री कूस बदलली तरी वाटायचं, कॅमेऱ्यात दिसून राहिलं असेल, लोक म्हणतील लाजून राहिली."

"अन् बापाले सांगितलं तू हे?"

"सांगितलं. म्हणाले, समजावू त्याले."

पंखा गरम हवा फिरवत होता. यमुताईची ठेवणीतली साडी पाठीला चिकटली होती आणि आता तिला ती साडी नेसल्याचीच शरम वाटू लागली.

"आमच्या वेळी," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझा आजा बाहेरच्या खोलीत त्यायच्या माणसाशी बोलत होता. मी दारामागं. दोघांनी मिळून 'नाही' असं ठरवलं, अन् उठले. मले कोणी आत येऊन विचारलं नाही, यमू, तुले काय वाटते? मी रडलो, भांडलो, पण ते नंतर. मले वाटायचं, नाही म्हणले म्हणून माझं वाटोळं झालं." तिनं डोळे पुसले. "तुझ्या बापानं हो म्हणलं. पण विचारलं त्यानंही नाही. अन् मी मूर्ख, साडी नेसून आलो."

"आत्या, साडी छान आहे."

"चूप बस." यमुताई उठली. "चल बाहेर. मी आहे."

*

बाहेर तोवर वंदनाबाईचा चहा तसाच गार झाला होता. ती सकाळपासून दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती, आणि नवऱ्याला त्यात नवल वाटलं नव्हतं. पण ती उगाच गप्प नव्हती. रोज रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीसमोर जे बघितलं, ते तिच्या घशाशी येऊन बसलं होतं. आज इथे या पोरीला दाराशी अंग चोरून उभी राहिलेली पाहिली आणि तिला ते गिळवेना.

यमुताई आणि अश्लेषा बाहेर येताच वंदनाबाई म्हणाली, "मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं तू?" महादेवराव म्हणाले.

"ती त्याचा हात काढत होती ते. फुलं पडत होती, गाणं वाजत होतं, तरी दिसत होतं. बाईमाणसाले दिसते."

"मंग तेव्हा काहून नाही बोलली?"

"तुम्ही टाळ्या वाजवून राहिले होते." वंदनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मलेही वाटलं, सून येते, कायले बोलायचं. टीव्हीत तसंच असते म्हणून मी स्वतःलेच समजावलं." ती अश्लेषाकडे वळली. "माझा पोरगा वाईट नाही वं, बाई. पण एकुलता आहे. त्याले लहानपणापासून थांब म्हणणारं घरात कोणी भेटलंच नाही."

"मी म्हणलं होतं, काकू," अश्लेषा म्हणाली.

वंदनाबाईचे डोळे भरून आले. "हो. तू म्हणली होती. चुकलं माझं, मीच मूर्खासारखं बोललो."

महादेवराव उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. खाली गल्लीत चॅनेलची गाडी बघायला बायामाणसं जमली होती, त्यातली चारदोन वर बघत होती.

संघपालला आता पळायला जागा नव्हती. त्यानं बहिणीकडे पाहिलं. हिनं तरी आपली बाजू घ्यावी अशी त्याला आशा होती.

"ताई, तूच सांग. मी जातीसाठी पलटलो असं नाही का वाटणार लोकायले?"

"वाटेल नं. काही लोकायले वाटेलच," यमुताई म्हणाली. "तू आयुष्यभर लोकायले समजावतच आला. हेही समजाव. नाही समजले तर पोरगी तर समजेल तुझी."

माया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं नवऱ्याला एवढंच म्हटलं, "अहो, ती घरी आल्यापासून तुमच्याशी एकदा तरी नीट बोलली का?"

नाही बोलली. संघपालच्या ते तेव्हा ध्यानात आलं. पूर्वी ड्यूटीवरून आला की त्याच्या डब्यात काय उरलं हे बघायला धावणारी पोरगी. आता तो घरात शिरला की ती सुरी आणि भेंडी घेऊन ओट्याकडे वळायची. तो एकदम म्हाताऱ्यासारखा दिसू लागला.

"कुठं बसू?" त्यानं काजलला विचारलं.

काजल गोंधळली. "काका, मी स्पष्टच सांगते. चॅनेल हे लावेल याची मला खात्री नाही. मला दुसरंच काहीतरी शूट करून आणायला पाठवलंय."

"तुम्ही घ्या तर खरं. लावायचं नाही लावायचं, नंतर पाहू."

"अन् नाही लावलं तर माझ्याकडे आहे नं," यमुताई म्हणाली आणि पर्समधून मोबाइल काढून तिनं तो दोन्ही हातांनी समोर धरला. काजल तिच्याकडे बघून पहिल्यांदाच हसली. "आत्या, आडवा धरा," ती म्हणाली. "आणि मी पूर्ण पाठवीन, एक शब्द न कापता. पुढचं वरचे बघतील. पण मी पाठवीन."

लाकडी खुर्ची भिंतीशी ठेवली. संघपाल बसला. ज्या माणसाला स्टेजवर कधी कागद लागला नाही, त्याला पहिला शब्द सापडेना. दोनदा खाकरला, घाम पुसला.

"मी संघपाल गजभिये. मागं मी इथंच बोललो होतो. म्हणलं होतं, माझ्या पोरीले हा पोरगा पसंत आहे. ते मी तिले विचारलं नव्हतं. टीव्हीत पाहिलं अन् समजून घेतलं. दुसऱ्या जातीचं घर आपल्या दारी येते, याच्या आनंदात मी होतो. माझं बोलणं चांगलं होतं, लोकायले आवडलं, पण माझ्या पोरीले त्याचा त्रास झाला. तिनं नाही म्हणलं होतं, अन् माझं हो ऐकून तिच्या नाहीले कोणी मोजलं नाही." तो थांबला. "तो होकार मी वापस घेतो. महादेवरावायचा अपमान करायचा नाही मले. ते मोठ्या मनानं आले. जातीचा याच्यात काही संबंध नाही, अन् असं कोणाले वाटलं तर त्यानं माझ्या घरी यावं, मी सांगतो."

काजलनं विचारलं, "म्हणजे काका, आता तुमचा नकार आहे असं समजायचं का?"

"मले कायले विचारता? तिले विचारा." तो खुर्चीवरून उठला. "अश्लेषा, बसतेस का? नसेल बसायचं तर नको बसू."

अश्लेषा बापाकडे बघत राहिली. मग आली आणि बसली. तिच्या हातांना कांद्याचा वास येत होता, तिनं ते ओढणीला पुसले.

"अश्लेषा," काजल म्हणाली, "तुला काय सांगायचंय?"

हॉलमध्ये कोणी हलेना. अश्लेषाला एवढी शांतता त्या बंगल्यात एकदाही मिळाली नव्हती. तिथे कोणी ना कोणी मध्येच हसायचं.

"मी मोहितले नाही म्हणलं होतं," ती म्हणाली. "हसून नाही, लाजून नाही. मी फिनालेला येईन, मले यायचंच आहे, मी तिथपर्यंत माझ्या मेहनतीनं पोहोचलो होतो. पण मी कोणासोबत नाचणार नाही. जोडी म्हणून मले बोलवू नका. अन् मोहित, तू ऐकून राहिला असशील तर..."

आणि नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कुकरनं लांबलचक शिट्टी मारली. माया "अगं बाई" म्हणत गॅस बंद करायला धावली. कॅमेरावाल्यानं कानाचे हेडफोन काढले. यमुताईनं कुकरच्या नावानं दोन शब्द टाकले. काजलनं टॅबवर बघितलं आणि म्हणाली, "शेवटचं वाक्य गेलं बहुतेक. पण ठीक आहे, बाकीचं आलंय. चालेल."

"नाही चालणार."

सगळ्यांनी वळून पाहिलं. महादेवराव खिडकीपासून परत आले होते. त्यांचा चेहरा अजून कठीणच होता, राग गेला नव्हता त्यांचा. त्यांनी सोफ्याच्या कडेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"माझ्या पोराच्या नावानं काही बोलत होती ती," ते म्हणाले. "मले ऐकू नाही आलं. पोरी, परत सांग."

"परत?"

"हो. अन् जरा जोरानं. त्याले सांगायचं तर मले पूर्ण माहीत पाहिजे."

वंदनाबाई नवऱ्याकडे बघत राहिली. संघपालनं जाऊन हॉलचं दार लोटलं, गल्लीतला गलका थोडा कमी झाला. माया परत दारात येऊन उभी राहिली.

अश्लेषानं एकदा श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.